दहा माणसं नसतानाची प्रार्थना

जव्हार-मोखाड्याचा इतिहास म्हटला की मुकणे राजांचं संस्थान, वारली, कोळी महादेव एवढं लगेच आठवतं. आजची गोष्ट त्याच डोंगरातली, पण माझ्या घरातली आहे.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. मूळ गाव अलिबागकडचं, पण वडिलांची नोकरी मोखाड्याला. तिथं यहुदी घर आमचं एकटंच. सिनेगॉग ठाण्याला, १८७९ सालचं, शंभर किलोमीटरहून लांब. पालघर जिल्हा २०१४ साली वेगळा झाला. तोवर आमचा जिल्हाही ठाणेच. त्यामुळे सरकारी कागद असो की देव, गाडी ठाण्याचीच.

सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. त्याला मिन्यान म्हणतात. त्याशिवाय मृतासाठीचा कद्दिशही म्हणता येत नाही. मोखाड्यात दहा कुठून आणायचे? पण शेमा एकट्याला म्हणता येतो. शेमा म्हणजे 'ऐक'. पहिली ओळ हिब्रूतल्या सहा शब्दांची, सांगणं एवढंच की देव एक आहे. उजवा हात डोळ्यांवर ठेवून सकाळ-संध्याकाळ म्हणायचा, आणि मरणाच्या वेळीसुद्धा.

आजी गेली ती भर पावसात. घाटात दरड आली होती, रस्ता बंद. वडील खाटेशी बसले आणि तिच्या कानाशी शेमा म्हणाले. शेजारचे वारली बाबा दारात टोपी काढून उभे होते. दुसऱ्या दिवशी रस्ता मोकळा झाला, तिला ठाण्याला नेलं. तिथं दहा माणसं होती, कद्दिश झाला.

खरं सांगायचं तर तेव्हा मला वडिलांची लाज वाटली. ठाण्याची मुलं भराभर हिब्रू वाचायची. आमच्या वडिलांना शेमाशिवाय काही पाठ नव्हतं. बाकी सगळं देवनागरी अक्षरांत लिहिलेलं बघून म्हणायचे, तेही अडखळत.

पुढे हाईम सॅम्युअल केहिमकरांचा बेने इस्राएलांचा इतिहास वाचला. १८९७ ला लिहिलेला, छापला गेला १९३७ ला. त्यात आमची परंपरेनं चालत आलेली कथा आहे: नवगावजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, ग्रंथ समुद्रात गेले. मग गावोगाव तेलाचे घाणे. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक म्हणायचे 'शनवार तेली'. ना रब्बी, ना सिनेगॉग. सुंता असो, लग्न असो, मयत असो, म्हणायला एकच शेमा. मुंबईत सामाजी हसाजी दिवेकरांनी पहिलं सिनेगॉग बांधलं ते १७९६ साली. आमचे जुने लोक त्याला अजून 'जुनी मशीद' म्हणतात! पुढे कोचीनहून शिकवणारे आले, मराठी अर्थासह धर्मपुस्तकं छापली गेली.

म्हणजे त्याआधी अख्खा समाजच मोखाड्यात राहत होता, म्हणा ना. वडिलांचं अडखळणं मला तेव्हा कळलं. ते तोवर राहिले नव्हते.

१९४८ नंतर बरेचजण इस्राएलला गेले. कोकणातल्या काही सिनेगॉगांत आता दहाजण जमवायला फोनाफोनी करावी लागते. मागे रेवदंड्याला गेलो, तर आम्ही चौघंच. थोडा वेळ वाट पाहिली, कुणीतरी घड्याळ बघितलं. मग शेमा म्हटला. माझे उच्चार वडिलांसारखेच झाले.