चिप कारखान्याला सरकार किती पैसे देतं?
केंद्राने डिसेंबर 2021 मध्ये सेमीकंडक्टरसाठी 76,000 कोटींची योजना मंजूर केली. सप्टेंबर 2022 च्या बदलानंतर फॅब असो वा पॅकेजिंग, निम्मा भांडवली खर्च केंद्राचा. कर्ज नव्हे, अनुदान. कंपनी खर्च करेल तसतसं मिळणारं. वर राज्याचं वेगळं. बडोदेकरांना जवळचं उदाहरण साणंदच्या मायक्रॉनचं: एकूण 2.75 अब्ज डॉलर, त्यात केंद्र 50 टक्के, गुजरात 20, कंपनीचे जेमतेम 30. आणि तिथे काम जोडणी-चाचणीचं, चिप घडवण्याचं नाही!

तळेगाव की धोलेरा यावरून 2022 मध्ये एवढं राजकारण पेटलं, तो वेदांता-फॉक्सकॉन प्रकल्प फॉक्सकॉन जुलै 2023 मध्ये बाहेर पडल्यावर बारगळला. धोलेऱ्याला फेब्रुवारी 2024 मध्ये टाटांची 91,000 कोटींची फॅब मंजूर झाली.