पडवीतला राखणदार आणि अकरा महिन्यांचा करार

पेण-रोह्याच्या जुन्या कौलारू घरांत कुत्र्याची जागा ठरलेली असे, ती म्हणजे पडवी. माजघरात त्याला मज्जाव होता, पण तो घराबाहेरचाही नव्हता. आल्यागेल्याची वर्दी द्यावी, उरलेले शिळेपाके खावे आणि उंबऱ्याशी पडून राहावे. पुढे धाटावची औद्योगिक वसाहत आली, १९८६ मध्ये रेल्वे रोह्याला पोचली, बाहेरगावहून आलेल्या नोकरदारांसाठी ब्लॉक उभे राहिले. ब्लॉकला पडवी नसते. तिथे कुत्रा एकतर पलंगाशी, नाहीतर रस्त्यावर. ‘भाडेकरू चालेल, कुत्रा नको’ ही अट आज जुनी रीत वाटते; खरे तर ती या नव्या बांधकामाबरोबर आली. साखर उतरल्याची सूचना देणारा कुत्रा सोबत ठेवणाऱ्या मधुमेही भाडेकरूला तिची झळ विशेष बसते.

या रोगाची खूणही माणसाला आधी प्राण्यांनीच पटवली. लघवीकडे मुंग्या धावतात, हे चरकसंहितेने प्रमेहाच्या पूर्वलक्षणांत नोंदवले आहे. १८८९ मध्ये स्ट्रासबुर्गला मिंकोव्हस्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढले आणि त्याला मधुमेह झाला. रोगाचे मूळ तिथे सापडले. १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवरच प्रयोग केले आणि जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या मुलाला पहिले इन्सुलिन टोचले गेले. इन्सुलिनने जीव वाचले, सोबत नवा धोकाही आला. जेवण चुकले, डोस जास्त झाला, की साखर सत्तरच्या खाली घसरते. दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात. झोपेत हे कळतच नाही. साखर उतरताना श्वासातले आयसोप्रीन वाढते, असे केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले. शिकवलेला कुत्रा असाच काही बदल हुंगत असावा. तो नाकाने ढोसतो, पंजा मारतो आणि माणूस उठून साखर तोंडात टाकेपर्यंत हटत नाही. हे काम पडवीतून होत नाही.

कायद्यात मात्र अशा कुत्र्याला जागा नाही. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूला पाय रोवू दिले. १ फेब्रुवारी १९७३ रोजी ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर राहणाऱ्यांनाही भाडेकरूचा दर्जा मिळाला. मालकांनी त्याचा धसका घेतला. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने काटा उलटा फिरवला: लायसन्सची मुदत संपली की जागा सोडायची. असे करार बहुधा अकरा महिन्यांचे; अकरा महिन्यांच्या पाहुण्याने अट घालायची कोणत्या तोंडाने? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे एकवीस प्रकार आहेत. सिकलसेल आहे, हिमोफिलिया आहे, मधुमेह नाही. अमेरिकेत मात्र १९८८ च्या दुरुस्तीनंतर घरांबाबतच्या भेदभावविरोधी कायद्याने दिव्यांगांना संरक्षण दिले, आणि ‘प्राणी नको’ या नियमाला मदतनीस प्राण्यांपुरती मुरड घालावी लागते.

यावर कोणी म्हणेल, आता दंडावर सेन्सर चिकटवता येतो, तो मोबाइलवर गजर करतो. मग कुत्रा कशाला? आक्षेप वजनदार आहे. २०१९ मध्ये ब्रिस्टलच्या संशोधकांनी सत्तावीस कुत्रे तपासले. साखर उतरल्याचे प्रसंग ओळखण्याचे त्यांचे मध्यक प्रमाण ८३ टक्के निघाले, पण कुत्र्याकुत्र्यांत फरक मोठा होता. म्हणजे हा रामबाण नव्हे, आणि बहुतेकांना सेन्सरच सोयीचा. पण ज्यांना साखर उतरल्याचे जाणवतच नाही आणि गजरानेही जाग येत नाही, त्यांनी काय करावे हे रोगी आणि डॉक्टर यांनी ठरवावे, घरमालकाने नव्हे. दुसरा आक्षेप मालकाचा: घर माझे, घाण आणि शेजाऱ्यांची तक्रारही माझ्याच वाट्याला. हेही खरे आहे. म्हणून लसीकरणाचा दाखला, जादा डिपॉझिट, नुकसानीची भरपाई हे सगळे मागण्याचा त्याला हक्क हवा. सरसकट नकाराचा नको.

कायदा बदलेपर्यंत वाट करारातूनच काढावी लागेल. १९९९ च्या कायद्याचे ५५ वे कलम करार लेखी आणि नोंदणीकृत असावा असे सांगते आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकते. ती झाली नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, खोटे ठरेपर्यंत, ग्राह्य धरले जाते. तेव्हा पेणमध्ये असो वा रोह्यात, सही करण्याआधी डॉक्टरांची चिठ्ठी पुढे ठेवा आणि कुत्र्याची एक ओळ करारात लिहून घ्या.