रुबीमार जहाज: एका क्रमांकावरून काय काय कळतं?

फेब्रुवारी २०२४ मध्ये येमेनजवळ हुथींच्या क्षेपणास्त्राने 'रुबीमार' या जहाजाला भगदाड पडलं, तेव्हा सोशल मीडियावर वाट्टेल ते आकडे फिरले. ते पडताळायचे कसे?

सुरुवात नावापासून करू नका. जहाज विकलं की नाव बदलतं, झेंडाही बदलतो. आयएमओ क्रमांक मात्र भंगारात जाईपर्यंत तोच राहतो. रुबीमारचा क्रमांक ९१३८८९८. हा क्रमांक खरा आहे का, हे कागदावर तपासता येतं. पहिल्या सहा अंकांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणा आणि बेरीज करा: ६३+६+१५+३२+२४+१८ = १५८. बेरजेचा शेवटचा अंक ८, क्रमांकाचाही शेवटचा अंक ८. जुळलं!

हा क्रमांक मरीनट्रॅफिक किंवा व्हेसलफाइंडरवर टाकला की माहिती मिळते: १९९७ ची बांधणी, लांबी सुमारे १७१ मीटर, बेलीझचा झेंडा, डेडवेट सुमारे ३२,००० टन. धान्य, खत, कोळसा असा सुटा माल नेणाऱ्या जहाजांत हे छोटंच, 'हँडीसाइज' गटातलं.

डेडवेट म्हणजे माल, इंधन, पाणी, माणसं असं सगळं मिळून जहाज पेलू शकेल तो भार. आता बघा, अमेरिकेच्या सेंट्रल कमांडने आधी सांगितलं की जहाजावर ४१,००० टनांहून जास्त खत आहे. बत्तीस हजारांच्या जहाजात एक्केचाळीस हजार कसे मावतील? पुढे त्यांनीच २१,००० टन म्हटलं.

नकाशावरचा ठिपका एआयएस यंत्रणेचा. आंतरराष्ट्रीय फेरी करणाऱ्या ३०० ग्रॉस टन आणि त्यावरील जहाजांना ती सक्तीची आहे. जागा आणि वेग जीपीएसवरून आपोआप जातात, पण 'कुठे चाललंय' हा रकाना खलाशी हाताने भरतात, म्हणून त्यावर फार विसंबू नये. ड्राफ्ट, म्हणजे जहाज पाण्यात किती बुडालंय, तेही हातानेच. तरी बंदर सोडताना तो कमी झाला असेल तर माल उतरवला असावा. आणि ठिपका गायब झाला म्हणजे जहाज बुडालं असं नाही. किनाऱ्यावरच्या अँटेनाचा पल्ला साधारण ४० सागरी मैल. त्यापुढे उपग्रह, आणि त्याची माहिती बहुतेकदा पैसे भरून.

रुबीमारचे २४ खलाशी वाचले. सोडून दिलेलं जहाज नांगर फरपटत वाहत राहिलं आणि २ मार्चला बुडालं. त्याच सुमारास तांबड्या समुद्रात इंटरनेटच्या तीन केबल तुटल्या. त्या बहुधा याच नांगराने तुटल्या, असं केबल क्षेत्रातल्या जाणकारांचं म्हणणं आहे.