अश्वमेधाचा घोडा, धनगराची मेंढी आणि बिळातला उंदीर

वाराणसीच्या दशाश्वमेध घाटाच्या नावातच दहा घोडे आहेत. पुराणकथेनुसार हे दहा यज्ञ ब्रह्मदेवाने केले. इतिहासकार काशीप्रसाद जायसवाल यांनी मात्र या नावाचा संबंध भारशिव नागांशी जोडला. त्यासाठीचा आधार विदर्भात सापडतो. अमरावती जिल्ह्यातील चम्मक येथे मिळालेल्या, वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या ताम्रपटात, भारशिवांनी दहा अश्वमेध केल्याचा आणि भागीरथीच्या जलाने त्यांना अभिषेक झाल्याचा उल्लेख आहे. घाटाचे नाव त्याच यज्ञांवरून पडले हे अनुमान आहे. ताम्रपटातील मजकूर हा पुरावा आहे.

अश्वमेधाचा घोडा वर्षभर मोकळा सोडला जाई. जिथवर तो निर्वेध चरत जाई, तिथवर राजाची सत्ता मानली जाई. गवताळ भूमी आणि राजसत्ता यांचे नाते इतके जुने आहे. अठराव्या शतकात या घाटाची पुनर्बांधणी झाली, ती पेशवे बाळाजी बाजीराव आणि पुढे अहिल्याबाई होळकर यांच्याकडून. अहिल्याबाईंचा जन्म १७२५ साली चोंडी येथे, धनगर कुटुंबात झाला. चोंडी हे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील माळरानाच्या प्रदेशातले गाव. मराठ्यांचे घोडदळ ज्या भीमथडीच्या तट्टांवर उभे होते, तीही याच पट्ट्यातील गवतावर वाढत. आज तीच तट्टे धनगरांच्या बिऱ्हाडाचे ओझे वाहताना दिसतात.

हे माळ म्हणजे तोडलेल्या जंगलाचे अवशेष, असा समज फार खोल रुजलेला आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी अलीकडे या समजाची वेगळ्याच साधनाने तपासणी केली. तेराव्या शतकापासूनच्या मराठी ग्रंथांत, ओव्यांत व आख्यायिकांत कोणकोणत्या रानवनस्पतींचे उल्लेख येतात, हे त्यांनी नोंदवले. त्यांतील बहुसंख्य वनस्पती घनदाट जंगलाच्या नसून विरळ काटेरी झाडांच्या माळाच्या निघाल्या. म्हणजे हा माळ निदान काही शतके तरी माळच आहे.

मग तो टिकला कसा? पाऊस, माती आणि वणवा यांच्याबरोबरच तो खाणाऱ्या प्राण्यांनी टिकवला. हे खाणारे दोन प्रकारचे. एक खुरांवर चालणारे: काळवीट, चिंकारा, मेंढ्या, घोडे. दुसरे जमिनीखाली राहणारे: जर्बिलसारखे बिळे करणारे रानउंदीर. पहिल्यांचा परिणाम डोळ्यांना दिसतो. दुसऱ्यांचा पायांखाली राहतो.

येथे पदार्थविज्ञानातील एक साधा नियम उपयोगी पडतो. अरुंद नळीतून संथ वाहणाऱ्या पाण्याचे प्रमाण नळीच्या त्रिज्येच्या चतुर्थ घातावर अवलंबून असते. त्रिज्या निम्मी झाली की प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो. मातीतील छिद्रे काही सरळ नळ्या नव्हेत. तरीही खुरांखाली माती किंचित दबली तरी पाणी मुरण्यात एवढा फरक का पडतो, ते यावरून ध्यानात येते. उलट, बीळ उकरणारा प्राणी खालची माती वर आणतो, ती सैल करतो आणि पाण्याला वाट करून देतो. कोरड्या प्रदेशात, जिथे पाऊस थोडक्या सरींत येतो आणि वाहून जातो, तिथे ही वाट मोलाची.

धनगरांच्या परंपरागत भटकंतीचे मर्मही यातच आहे. पावसाळ्यात कोरड्या माळावर, दिवाळीनंतर कोकणाच्या दिशेने, वाटेत शेतकऱ्याच्या रानात लेंडीखतासाठी मेंढ्या बसवत. कळप पुढे सरकतो तेव्हा दबलेल्या मातीला आणि खुडलेल्या गवताला सावरायला अवधी मिळतो. वाट अडली आणि कळप एका जागी कोंडला की तोच कळप जमिनीला जड होतो.

राज्यकर्त्यांचा हिशेब मात्र नेहमी तोंडे मोजण्याचा राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत सी. हार्ट मेरियम यांनी असे गणित मांडले, की २५६ प्रेअरी डॉग मिळून एका गाईइतके गवत खातात. बिळांत राहणाऱ्या या प्राण्याला विष घालण्याच्या मोहिमांना त्यातून बळ मिळाले. त्या गणितात उकरलेली माती नव्हती, की वसाहतीभोवती उगवणारे कोवळे, अधिक नायट्रोजनयुक्त गवतही नव्हते. वसाहती गेल्या, आणि त्यांच्यावर जगणारे काळ्या पायांचे फेरेट नामशेष होण्याच्या कडेला पोहोचले.

आपल्याकडे हाच प्रश्न स्पितीच्या थंड, कोरड्या कुरणांत तपासला गेला. सुमंत बागची आणि सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की पिका व व्होल या लहान प्राण्यांनी माफक प्रमाणात उकरलेल्या जागी वनस्पतींची विविधता अधिक असते. पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील त्यांच्या गटाने, पाळीव जनावरे चरतात तेथील माती वन्य प्राण्यांच्या कुरणांपेक्षा कमी कार्बन साठवते, असे दाखवले. जनावरांना दिल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांचा मातीतील सूक्ष्मजीवांवर होणारा परिणाम हे त्यामागील एक कारण. म्हणजे मेंढी आणि रानबकरी तेच गवत खात असली, तरी मातीच्या लेखी त्या सारख्या नाहीत.

स्पितीचा निष्कर्ष दख्खनला जसाच्या तसा लावता येणार नाही. हवामान वेगळे, प्राणी वेगळे. परंतु प्रश्न लावता येतो, आणि तो तातडीचा आहे. सारा न देणारी जमीन 'पडीक' ठरवण्याची इंग्रजी महसुली दृष्टी आजही आपल्या नकाशांत जिवंत आहे. २०१९ च्या राष्ट्रीय पडीक भूमी नकाशासंग्रहात देशाची सुमारे १७ टक्के भूमी पडीक म्हणून नोंदली आहे, आणि झुडपी माळ त्यातच मोडतात. एकदा 'पडीक' असा शिक्का बसला, की तिथे खड्डे खणून झाडे लावणे हे सत्कार्य ठरते. त्या जमिनीखाली आधीच कोणीतरी खणत होते, आणि त्याच्या कामाचा हिशेब अजून झालेला नाही, याची नोंद त्या नकाशात कुठेच नसते.