सी-६० (गडचिरोली)

गडचिरोली जिल्हा पोलिसांचे नक्षलविरोधी विशेष पथक. स्थापना १९९०. सी म्हणजे ‘क्रॅक’, आणि ६० हा आकडा पहिल्या तुकडीतील जवानांचा. पुढे पथक कितीतरी पटींनी वाढले, तरी नाव तेच राहिले. ब्रीद ‘वीरभोग्या वसुंधरा’. कागदोपत्री हे पोलीस दल आहे. गुन्हा नोंदवणे, पंचनामा, न्यायालयात साक्ष हे सगळे नियम त्याला लागू आहेत. प्रत्यक्षात मात्र त्याने तीन दशकांहून अधिक काळ पायदळाचे काम केले. सरकारने या संघर्षाला युद्ध कधी म्हटले नाही. नक्षलवादी पहिल्यापासून ‘जनयुद्ध’ म्हणत आले.

पूर्वपीठिका : आंध्रातील पीपल्स वॉर ग्रुप या नक्षलवादी संघटनेचे कार्यकर्ते १९८० मध्ये गोदावरी-प्राणहिता ओलांडून सिरोंचा भागात आले. तेव्हा हा सारा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यात होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पेद्दी शंकर हा कार्यकर्ता मोयाबिनपेठाजवळ पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. तेंदूपत्त्याची तुटपुंजी मजुरी, बांबूतोडीचे दर, वनखात्याच्या कर्मचाऱ्यांची दांडगाई हे प्रश्न खरेच होते. म्हणून गावांनी ‘दादालोकां’ना, म्हणजे नक्षलवाद्यांना, आसरा दिला. भीतीपोटी दिलेला आसराही त्यात होताच. बाहेरून येणाऱ्या पोलिसाला ना गोंडी-माडिया समजे, ना पायवाटा ठाऊक असत. चौकशीला आडवळणाने मिळालेल्या उत्तराचा खरा अर्थही त्याच्या ध्यानात येत नसे.

उभारणी : तत्कालीन पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे जिल्ह्यातलीच मुले भरती करणे. आंध्रात आदल्याच वर्षी, १९८९ मध्ये, ‘ग्रेहाउंड्स’ हे नक्षलविरोधी दल उभे राहिले होते. मात्र ते राज्यभरासाठीचे दल, तर सी-६० एकाच जिल्ह्याचे. गोंड, माडिया आणि इतर स्थानिक समाजांतील तरुण त्यात आले. दलममधील (नक्षलवाद्यांच्या सशस्त्र तुकडीतील) बंदूकधारी पोरेही बहुतांशी याच समाजांतली, कधी कधी शेजारच्याच गावची. पथकाचे बळ यात आहे आणि त्याची खरी जखमही यातच. भरती झालेल्या जवानाला आपल्याच गावी लग्नकार्याला जाणे धोक्याचे झाले. अनेकांनी बिऱ्हाड गडचिरोली किंवा अहेरीला हलवले.

पथकाची मुख्यालये दोन : उत्तरेसाठी गडचिरोली, दक्षिणेसाठी अहेरीचे प्राणहिता उपमुख्यालय. तुकडीला ‘पार्टी’ म्हणतात आणि ती तिच्या कमांडरच्या नावाने ओळखली जाते. अधिकारी बदलून जातात, पार्टी कमांडर जिल्ह्यातच राहतो; जंगलाची जाण त्याच्यापाशी साठते. प्रशिक्षण हैदराबाद, मानेसर, कांकेर, नागपूर येथे होते. रोजच्या कामाला शब्द एकच, ‘सर्चिंग’. पुलाखालच्या भूसुरुंगाच्या भीतीने डांबरी रस्ता सोडायचा, पायवाटही शक्यतो टाळायची, पाणी आणि शिधा पाठीवर घेऊन नाल्या-टेकड्यांतून चालायचे. उन्हाळ्यात पानगळ झालेल्या जंगलात लांबचे दिसते, ते दोन्ही बाजूंना. पावसाळ्यात पर्लकोटा नदीवरचा पूल बुडाला की भामरागड तुटतो आणि पलीकडच्या पोलीस मदत केंद्रांची मदार हेलिकॉप्टरवर येते. दाखले, रेशन, वीज यांबाबतच्या तक्रारी गोळा करणे आणि दलममध्ये गेलेल्यांच्या आईवडिलांना भेटून शरणागतीसाठी मन वळवणे हेही पथकाकडेच असते. चकमकींच्या बातम्यांत हा भाग झाकला जातो. माझ्या मते या संघर्षाचा निकाल लावण्यात त्याचा वाटा गोळीपेक्षा कमी नाही.

लढाया : २००९ हे जिल्हा पोलिसांचे सर्वांत वाईट वर्ष. १ फेब्रुवारीला मरकेगाव येथे १५, २१ मे रोजी हत्तीगोटा येथे १६ (त्यांत ५ महिला) आणि विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर ८ ऑक्टोबरला लाहेरी येथे १७ पोलीस मारले गेले. ११ मे २०१४ रोजी चामोर्शी तालुक्यात पावीमुरांडाजवळच्या भूसुरुंग स्फोटात सी-६० चे ७ जवान गेले.

२२ एप्रिल २०१८ रोजी इंद्रावतीकाठी कसनासूर-बोरिया येथे आणि दुसऱ्या दिवशी राजाराम खांदला परिसरात झालेल्या पोलीस कारवायांनंतर एकूण ४० मृतदेह मिळाले. मृतांत साईनाथ आणि श्रीनू हे नक्षलवादी कमांडर होते. पोलिसांनी ही सर्वांत मोठी कारवाई म्हणून नोंदवली. गट्टेपल्लीच्या गावकऱ्यांनी मात्र गावची बेपत्ता मुले त्यात मारली गेल्याचे सांगितले, आणि मानवाधिकार कार्यकर्त्यांच्या सत्यशोधन पथकांनी चकमकीच्या सरकारी वृत्तांतावर गंभीर आक्षेप घेतले. वर्षभरानंतर पलटवार झाला. १ मे २०१९ रोजी, ऐन महाराष्ट्रदिनी, कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ शीघ्र कृती पथकाचे १५ जवान आणि खासगी वाहनाचा चालक स्फोटात ठार झाले. दादापूर येथे नक्षलवाद्यांनी कंत्राटदाराची वाहने जाळली होती, तिकडे ते निघाले होते; रस्त्याने, गाडीतून.

१३ नोव्हेंबर २०२१ रोजी ग्यारापत्ती-कोटगूलच्या जंगलात मर्दिनटोला येथे दिवसभर चकमक चालली. नक्षलवाद्यांच्या माओवादी पक्षाच्या केंद्रीय समितीचा सदस्य मिलिंद तेलतुंबडे याच्यासह २६ माओवादी ठार झाले, नंतर आणखी एक मृतदेह मिळाला. तेलतुंबडे मूळचा यवतमाळ जिल्ह्यातला, चंद्रपूरच्या कोळसा खाणींतील कामगार चळवळीतून पुढे आलेला. चार जखमी जवानांना हेलिकॉप्टरने नागपूरला नेण्यात आले. १७ जुलै २०२४ च्या वांडोली चकमकीत १२ माओवादी मारले गेले.

शेवटचा टप्पा शरणागतींचा. १ जानेवारी २०२५ रोजी माओवादी कार्यकर्ती तारक्का हिने शस्त्र खाली ठेवले. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी तिचा पती, पॉलिटब्युरो सदस्य मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने ६० साथीदारांसह गडचिरोलीच्या पोलीस मुख्यालयात मुख्यमंत्र्यांपुढे आत्मसमर्पण केले. ५४ शस्त्रे जमा झाली. माओवादी पक्षाच्या उरलेल्या नेतृत्वाने त्याला गद्दार ठरवले.