शेठ वालचंद आणि त्यांचे बंधू

सोलापूरच्या दोशी घराण्याचे स्मरण करताना प्रथम शेठ हिराचंद नेमचंद यांचे नाव येते. पेढी सांभाळून त्यांनी ‘जैन बोधक’ हे पत्र चालविले व समाजात धर्मशिक्षणाचा प्रसार केला. २३ नोव्हेंबर १८८२ रोजी जन्मलेले त्यांचे सुपुत्र वालचंद मात्र पेढीवर रमले नाहीत. लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत त्यांनी रेल्वेची कंत्राटे घेतली. पुढे सहकाऱ्यांसह त्यांनी सिंदिया कंपनी स्थापन केली. तिचे ‘लॉयल्टी’ जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाले. तोच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

हा व्याप एकट्याने पेलण्यासारखा नव्हता. गुलाबचंद, रतनचंद व लालचंद या धाकट्या बंधूंनी त्याचा भार वाहिला. वालचंदांना पुत्र नव्हता. प्रकृती खालावल्याने ते निवृत्त झाले व ८ एप्रिल १९५३ रोजी सिद्धपूर येथे निवर्तले. अशा वेळी अनेक घराणी दुभंगतात. येथे बंधूंनी व पुतण्यांनी थोरल्या भावाचे नाव राखले. कळंबच्या माळावरील वालचंदनगर आणि सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आजही त्याची साक्ष देतात.

आजोबांच्या पिढीचा हा बंधुभाव नातवंडांनी जपावा, हीच त्यांना खरी आदरांजली होय.