बांबू झाड की गवत? मेंढा-लेखाची गोष्ट

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाला एक खोड असते. कुठलीही वस्तू दिसली की ती कोणत्या वर्गात मोडते, हे तो विचारत बसतो. लोकांना वाटतं, रिकामा उद्योग. पण गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा नावाचं शंभरेक घरांचं गोंड गाव आहे. तिथला सगळा व्यवहार अशाच एका प्रश्नाशी अडला होता: बांबू हे झाड की गवत?

वनस्पतिशास्त्र म्हणतं, गवत. 1927 चा भारतीय वन कायदा म्हणाला, झाड. आता झाड म्हटलं की तोडल्यावर ते लाकूड, आणि राखीव जंगलातलं लाकूड सरकारचं. झालं! ज्यांच्या भिंती, टोपल्या, सुपं बांबूची, पावसाळ्यात ज्यांच्या ताटात बांबूच्या कोवळ्या कोंबांची भाजी, त्यांना तो मिळायचा फक्त निस्तारापुरता, घरगुती गरजेपुरता. विकायचा हक्क नाही. विकत होतं सरकार, कागद कारखान्याला.

ऐंशीच्या दशकात या गावाने आपलं घोटुल, म्हणजे तरुण मुलामुलींचं सामूहिक घर, पुन्हा उभं केलं. सागाचं लाकूड वापरलं म्हणून वन खात्याने ते पाडलं. मग आसपासच्या गावांनीही आपापली घोटुलं उभारली. पुढचं सगळं समजायला हा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण परंपरा आणि जंगलाची मालकी हे दोन वेगळे विषय नाहीत, हे तिथे गावाला रोख कळलं. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने गावात अभ्यासगट सुरू झाले. लोक कायदे वाचायला बसले.

2006 च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटलं. 2009 मध्ये मेंढ्याला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. आता विका की! पण बांबू बाहेर न्यायला वाहतूक परवाना लागतो, आणि परवान्याचं पुस्तक खात्याच्या कपाटात. हक्क कागदावर, माल जंगलात. अखेर 27 एप्रिल 2011 ला तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले आणि ते पुस्तक ग्रामसभेच्या हातात पडलं.

त्यानंतर गाव व्यापारी झालं, पण आपल्या पद्धतीने. मेंढ्यात निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचंही मन तयार नसेल तर विषय पुढच्या सभेला. बांबू घ्यायला आलेल्या ठेकेदाराला हे कसं सोसावं? त्याला आजच्या आज भाव हवा, सही हवी. अर्थशास्त्राचे माझे मित्र याला अकार्यक्षमता म्हणतात. म्हणोत. कोवळा बांबू राखायचा की पैशासाठी सरसकट तोडायचा, हे ज्या सभेत ठरतं, तिथे घाईने हात वर करून मोजणी करण्यापेक्षा रात्रभर बोलत बसणं मला शहाणपणाचं वाटतं. घोटुलातली शिस्त तीच होती. बाजारभाव चढला की या सवयीवर ताण येणार, हेही उघड आहे. तो ताण कायद्याने सुटणारा नाही.

बाकी कायद्याचं म्हणाल, तर 2017 मध्ये दुरुस्ती झाली. जंगलाबाहेरचा बांबू आता झाड नाही. म्हणजे शेताच्या बांधावर तो गवत, आणि बांध ओलांडून जंगलात शिरला की पुन्हा 1927 च्या कायद्याच्या अंमलाखाली!